बिजागऱ्यांच्या कारखान्यातली मधली भिंत

दादाच्या कारखान्यातली बिजागरी रस्ता हिंडून आल्याशिवाय तयार होत नसे. दादा पुढच्या बाजूला पत्रा कापायचा, प्रेसवर वळवायचा, पाट्या भरायचा. मग त्याची बायको त्या पाट्या हातगाडीवर लादून पुढच्या दाराने बाहेर पडायची, कोपऱ्यावरून वळसा घालायची आणि मागच्या दाराने आत शिरायची. तिथे धाकटा भाऊ पिना ठोकून पॉलिश करायचा. दोघा भावांमध्ये एक विटांची भिंत होती, बस्स. एक शिंकला तर दुसऱ्याला ऐकू जाई.

भिंत दादानेच घातली होती. उलाढाल ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की कराचं रिटर्न दर महिन्याला, वर प्रत्येक बिलाचा तपशील वेगळा. दादाचा हात पत्र्यावर चालायचा, कागदावर नाही. रिटर्नच्या आठवड्यात प्रेस बंदच असे. तेव्हा सल्लागाराने वाट दाखवली: एकाचे दोन कारखाने करा, दोन्ही मर्यादेच्या आत राहतील. मधे दार मात्र ठेवू नका, नाहीतर कराचे साहेब एकच धंदा धरतील. "कागदापुरतीच वाटणी रे," दादा तेव्हा धाकट्याला म्हणाला होता.

आता सरकारने मर्यादा वाढवली. रिटर्न वर्षातून एकदाच, तेही दोन पानी. सल्लागाराचा फोन ठेवला आणि दादा पहार घेऊन, वळसा घालून, धाकट्याकडे गेला.

"सामान हलव. भिंत पाडतोय. उद्यापासून पाट्या सरळ इकडे."

धाकट्याने पॉलिशचं चाक थांबवलं. "भिंत राहू दे, दादा."

दादाला थट्टा वाटली. "धुळीला भितोस?"

"धुळीला नाही."

"मग?"

"तुला."

दादाने पहार जमिनीला टेकली.

"तिकडे होतो तेव्हा पिन तिरकी गेली की गिऱ्हाइकासमोर टपली," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता, हेच दादाला जास्त लागलं. "इकडे लोक मला विचारून काम देतात. हे काळं पॉलिश माझं. तुला विचारलं असतं तर करू दिलं असतंस?"

मदतीसाठी दादाने दारात गाडी घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय? सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हालाच काय ते नव्हतं." तिने पाटी उतरवली. "तुमचं दोघांचं काय ते चालू द्या. वळसा मी घालते. भावोजी, भिंत राहू दे, पण दार तरी करा."

"करू," धाकटा म्हणाला. "कडी माझ्या बाजूला."

घरात सगळ्यांत आधी जेवायला बसणाऱ्या, सगळ्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. दाराच्या बिजागऱ्या मात्र त्याने स्वतः वळवल्या. धाकट्याने त्यांना पॉलिश काळं केलं. दादाने त्या तशाच दाराला बसवल्या.

पहिल्या सकाळी पाटी कमरेवर घेऊन दादाने सवयीने दार ढकललं. ते हललं नाही. पलीकडे चाक फिरत होतं.

"अहो, वाजवा की," मागून दुसरी पाटी घेऊन उभी असलेली बायको म्हणाली. "हात भरून आला माझा."

दादाने दार वाजवलं.