बाबांनी पगार वाढवून सांगितला

मंडळी, सायबर कॅफेतून लिहितेय, जाम दमलेय. कॉलेजच्या फी सवलतीला उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून आज बाबा कामावर खाडा करून माझ्याबरोबर भाईंदरच्या तलाठी ऑफिसात आले.

सकाळपासून रांगेत उभे होतो. आमचा नंबर आला आणि नेमके मागे ताईचे होणारे सासरे दिसले.

क्लार्कने विचारलं, “काका, पगार किती?”

बाबांनी एकदा मागे बघितलं आणि सरळ दुप्पट सांगितला.

“मग सवलत कशाला पाहिजे?” म्हणत त्याने अर्ज परत केला.

सासऱ्यांच्या हातातही तोच अर्ज होता. त्यांनी तो गुपचूप खिशात घातला, “सहज आलो होतो,” म्हणाले आणि रांगेतून निघून गेले.

उद्या पुन्हा खाडा. तुमच्याकडेही सोयरीक जुळली की पगार वाढतो का हो?