आठ टीमचा माणूस

"चला, मी निघतो. तिकडे सुरू झालं असेल."

हे वाक्य ते मॅच ऐन रंगात आली की म्हणत. एक पाय स्पोर्ट्स हॉलच्या दाराबाहेर, हातात गाडीची किल्ली, आणि नजर अजून बॉलवर. इंग्लंडात लेस्टर आणि आसपासच्या गावांतल्या आठ टीमची आमची हौशी बास्केटबॉल लीग होती. रविवारी दुपारी चार हॉलमध्ये चार मॅच एकाच वेळी चालत. हे गृहस्थ प्रत्येक मॅचचा एकेक क्वार्टर, म्हणजे पाव मॅच, बघत आणि पुढच्या हॉलकडे गाडी हाणत. त्यामुळे पहिल्या मॅचची सुरुवात आणि चौथ्या मॅचचा शेवट, एवढंच त्यांना धड बघायला मिळे. तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते.

असा एखादा माणूस तुमच्याही बघण्यात असेल. लग्नघरात सगळ्या पंगतींवर लक्ष ठेवतो आणि स्वतः उभ्यानेच दोन घास खातो, त्यातला. आमच्या लीगचे ते फिक्स्चर सेक्रेटरी, सगळ्यांचे काका. कोणी कोणाशी, कधी, कुठे खेळायचं ते ठरवणारे. मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलमध्ये जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "दुसऱ्यांना झोपवायचा पगार घेतला याने आयुष्यभर. हा स्वतः कधी पाच मिनिटं बसला असेल तर शपथ." बास्केटबॉलला त्या 'माझी सवत' म्हणत आणि एकदाही हॉलमध्ये आल्या नाहीत.

मी पुण्याहून इथे आलो तो सॉफ्टवेअरच्या नोकरीवर. घरूनच काम, एका खोलीत आठवडा काढायचा, आणि शनिवार-रविवार आला की भिंती अंगावर यायच्या. कॉलेजात खेळायचो, म्हणून आमच्यासारख्याच कम्प्युटरवाल्यांची टीम शोधून काढली. पहिल्याच मॅचनंतर काका समोर उभे राहिले.

"पुण्याचा का?"

"हो."

"तरी म्हटलं, पास देताना इतका विचार काहून करून राहिला."

लीगचा एक रिवाज होता. प्रत्येक टीमने प्रत्येक टीमशी दोनदा खेळायचं, एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आपल्याकडे. आणि ज्याच्या घरी मॅच, त्याने नंतर सगळ्यांना चहा आणि खायला द्यायचं. हॉस्पिटलच्या टीममधला बिजू नावाचा मल्याळी नर्स केळ्याचे वेफर्स आणायचा. आम्ही पोहे न्यायचो. काकांनी पहिल्यांदा ते पोहे चाखले आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तर्री कुठे आहे?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग यांना पोहे नको म्हणू बे. नाश्ता म्हण." आणि दुसरी प्लेट घेतली.

हॉस्पिटलची टीम त्यांनी तीस वर्षांपूर्वी उभी केली होती. पोर्टर, नर्स, लॅबवाले, एखादा ज्युनिअर डॉक्टर. कॅप्टन डेरेक हा पोर्टर, सहा फूट चार इंच, दिवसभर ट्रॉल्या ढकलून आलेला. ही टीम बहुतेक वेळा हरे. पण सगळे शिफ्टवर काम करणारे असूनही ती दर रविवारी हजर असे, याचं मला नेहमी नवल वाटायचं. नवल वाटून मी थांबलो. हे कसं जमतं, असं कधी विचारलं नाही.

मग मोठी लीग करायची टूम निघाली. शेजारच्या परगण्यातली, डर्बीकडची लीग मोडकळीला आली होती. तिथे सहाच टीम उरल्या होत्या, त्या आमच्यात याव्यात असा प्रस्ताव आला. तो लावून धरला युनिव्हर्सिटीच्या टीमच्या कोचने. चौदा टीम, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदाच खेळायचं, मॅच ऑनलाइन दाखवायच्या, स्पॉन्सर मिळवायचा. "आठ टीमची लीग म्हणजे लीग नाही, फॅमिली गॅदरिंग आहे," असं तो म्हणायचा. काका म्हणायचे, "मग? फॅमिलीत वाईट काय आहे?"

महिनाभर या विषयाने आमचं डोकं उठवलं. काका प्रत्येक टीमकडे जाऊन उभ्याउभ्या वाद घालत. माझ्याकडेही आले. मी चहा टाकला, तो त्यांनी किचनमध्ये येरझाऱ्या घालत प्यायला.

"एकदाच भेटलं तर ओळख होत नाही रे. फक्त निकाल लागतो."

"पण काका, त्या सहा टीमनी जायचं कुठे? त्यांना खेळायला कोणी उरलेलंच नाही."

ते थबकले. "हे तू खरं बोलून राहिला," म्हणाले. "याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण डेरेकची पोरं रविवारची शिफ्ट सोडून डर्बीपर्यंत कशी जातील, याचं उत्तर तुझ्याजवळ आहे का?"

तरी आमच्या टीमतर्फे मी मोठ्या लीगच्या बाजूने मत दिलं. आठ टीमची आठ मतं. पाच विरुद्ध तीन. मी उलटं दिलं असतं तर चार-चार होऊन सगळं आहे तसं राहिलं असतं. त्या सहा टीमची कणव हे कारण मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण फायनल आमच्या हॉलमध्ये ठेवू, असं कोच मला आदल्या आठवड्यात म्हणाला होता, आणि त्याने मी सुखावलो होतो, हेही खोटं नव्हतं. हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

मतदानानंतर ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं आणि नव्या सहा टीमचे फोन नंबर मागून घेतले.

चौदा टीमचं वेळापत्रक हाताने करणं कठीण, म्हणून मी प्रोग्रॅम लिहायचं कबूल केलं. काकांनी त्यांची जाड वही माझ्या हातात ठेवली. "यात सगळं आहे," एवढंच म्हणाले. कुठला हॉल कधी रिकामा, कुठल्या शाळेत परीक्षा, कोणाकडे नवरात्रात गरबा, सगळं ओळीने लिहिलेलं. मी ते एका बैठकीत टाइप केलं. वहीच्या शेवटच्या पानांवर हॉस्पिटलचे रोटे चिकटवलेले होते, नावं आणि शिफ्ट यांचे रकाने. निवृत्त डॉक्टरची जुनी सवय, ड्यूटीचे कागद जपून ठेवले असतील, असं समजून मी ती पानं उलटली आणि वही मिटून काकांना परत केली. प्रोग्रॅमने चार सेकंदांत वेळापत्रक काढलं. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

नव्या लीगचा नियम होता, मॅच सुरू व्हायला पाच खेळाडू हवेत. पंधरा मिनिटांत पाच झाले नाहीत तर वीस-शून्यने हार. असं तीनदा झालं की टीम लीगबाहेर.

ऑक्टोबरात हॉस्पिटलचे तीनच जण आले. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी डर्बीला चार, आणि काका तेव्हा लेस्टरच्या हॉलमध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका माझ्या दारात. आत आले नाहीत. वही उघडून शेवटची पानं माझ्यासमोर धरली.

"हे पाहिलं होतंस का?"

ते यंदाचे रोटे होते. डेरेकचा, बिजूचा, सगळ्यांचे. वर्षानुवर्षं हा माणूस दर दोन महिन्यांनी हॉस्पिटलात जाऊन कोण कुठल्या रविवारी सुटा आहे ते उतरवून आणत होता आणि त्याभोवती आठ टीमचं वेळापत्रक विणत होता. मी ज्याचं नवल करत होतो ते हे. मला तोंड वर करवेना.

"मला वाटलं, तुमच्या वेळचे जुने..."

"जुने कशाला ठेवू बे?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी कमिटीला तारखा बदलायची विनंती केली. कोच म्हणाला, एकाला बदलून दिलं तर उद्या सगळे मागतील. नियमाने त्याचं बरोबरच होतं. हॉस्पिटलची पुढची मॅच डिसेंबरात, आमच्याशी, आमच्याच हॉलमध्ये, आणि रोट्याप्रमाणे त्या दिवशी चौघेच सुटे. तीस वर्षांची टीम बाद होणार ती माझ्या वेळापत्रकाने आणि माझ्या डोळ्यांदेखत.

त्या दिवशी डेरेक, बिजू आणि आणखी दोघे आले. चार. दहा मिनिटं गेली. रेफ्री घड्याळ बघू लागला. मी त्याला म्हटलं, आम्ही कितीही थांबायला तयार आहोत. तो म्हणाला, तुमच्या तयारीचा प्रश्न नाही. आमची पोरं उगाच बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत होती. मला हॉलमधून पळून जावंसं वाटत होतं.

तेराव्या मिनिटाला चेंजिंग रूमचं दार उघडलं आणि काका बाहेर आले. निळी जर्सी, पोटावर ताणलेली, खाली गुडघ्यापर्यंत जुनी चड्डी, एका गुडघ्याला पट्टा.

"पाचवा," ते रेफ्रीला म्हणाले.

रेफ्रीने खेळाडूंची यादी काढली. पहिलंच नाव त्यांचं. टीम काढली तेव्हापासून दर सीझनला ते स्वतःचं नाव नोंदवत आले होते आणि आमच्यापैकी कोणी ती यादी वरून वाचलीच नव्हती.

मॅच सुरू झाली. त्यांना कोणी अडवायचं हे आमच्या पोरांना कळेना, तेव्हा मी पुढे झालो. धावणं त्यांना शक्य नव्हतं. ते कोर्टभर झपाझप चालत राहिले, बॉल जिकडे जाईल तिकडे, आणि पोचेपर्यंत बॉल परत. मी हातभर लांब राहत होतो.

"जवळ ये ना. काय करून राहिला? मी काय काचेचा आहे?"

"काका, जरा उभे तरी राहा एका जागी."

"उभा राहिलो तर ते चौघंच खेळतात बे. दिसायला पाहिजे ना, पाच आहेत म्हणून."

तिसऱ्या क्वार्टरमध्ये मी त्यांच्या बाजूने सुटलो तर त्यांनी सरळ माझी जर्सी पकडून ओढली. शिट्टी वाजली. रेफ्रीने त्यांच्या नावावर फाउल लिहिला. त्यांनी हात वर करून तो कबूल केला तेव्हा चेहरा असा खुलला होता, की बास्केट टाकल्यावरही आमच्यातल्या कोणाचा खुलत नाही. बदली खेळाडू नव्हता, म्हणून चारही क्वार्टर ते कोर्टवर होते. हॉस्पिटल चव्वेचाळीस गुणांनी हरलं. पण हरलं ते खेळून. शेवटची शिट्टी झाल्यावर डेरेकने त्यांना ट्रॉलीवरच्या पेशंटला उचलावं तसं हलकेच धरून भिंतीपाशी नेलं. मी पाणी घेऊन गेलो. ओठ निळसर दिसत होते आणि मला फार भीती वाटली.

"माझ्या एका मताने पारडं फिरलं काका," मी म्हणालो. "मोठ्या लीगकडे."

"माहीत आहे. मोजता येते मला." मग धाप आवरून म्हणाले, "त्या सहा टीम वाईट नाहीत रे. डर्बीवाले समोसे देतात. पण तू रोटा टाक त्या मशीनमध्ये."

त्या रात्रीच टाकला. झाल्या प्रकाराने कमिटीही वरमली आणि उरलेल्या तारखा बदलल्या गेल्या. हॉस्पिटलची टीम तो सीझन पुरा खेळली आणि शेवटून दुसरी आली. मोठी लीग करण्यात माझं चुकलं की बरोबर होतं, हे त्यांच्या तोंडून ऐकायची मला फार ओढ होती. ते प्रत्येक वेळी दुसराच विषय काढत.

जुलैमध्ये ते गेले. सकाळी चहा करताना, पाच मिनिटांत सगळं संपलं. काकूंनी ते मला फोनवर इतक्या शांतपणे सांगितलं, की मला आधी अर्थच कळला नाही.

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये डेरेक उभा राहिला. दोघे जण हॉस्पिटल सोडून गेले होते. आता चौघेच उरलेत, पाचवा शोधत फिरायला कोणी नाही, तेव्हा आम्ही नाव मागे घेतो, असं तो म्हणाला. कोचनेही मान खाली घातली. मी म्हणालो, पाचवा मी येतो. आमच्या टीमने मला यथेच्छ शिव्या घातल्या. काहींनी अजून अबोला धरला आहे.

ऑक्टोबरातली आमची पहिली मॅच डर्बीला होती. संपवून पार्किंगमध्ये आलो तर फोन वाजला. काकू होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी बास्केटबॉलबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं.

"झाली का रे मॅच?"

"झाली काकू. हरलो. एकतीसनी."

"ते राहू दे. पाच जण आले होते?"

"हो. डेरेक, बिजू, ओवेन, लॅबमधला टोनी."

त्यांनी मोजलं असावं. "हे तर चार झाले," त्या म्हणाल्या. "पाचवा कोण?"

"मी, काकू."

"पुढची कुठे आहे?" त्यांनी विचारलं.