आत्याबाईंनी तूप बंद केलं

माझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा महाराष्ट्र राज्य अजून नवं होतं आणि मी चाळिशीच्या अलीकडे. नागपूरला नेऊन एक बाजू काढली, पुढे पोट उघडून बीजकोशही काढले. गावात मात्र 'पोटाचं ऑपरेशन' एवढंच सांगितलं. छातीचा रोग झालेल्या बाईच्या पोरी कोण करून घेतो? हे आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

नागपूरहून चिखली आणि तिथून येस्टीनं घरी आले, तर माजघरात बाज टाकलेली, खाली शेगडी, डोक्याला बांधायला फडकं. मी म्हटलं, "आत्याबाई, मी काय बाळंत झाली का?"

"पोट फाडलं ना? मंग बाळंतीणच. चूप पडून राह्य."

डिंकाचे लाडू, खोबरं, गूळ, भाकरीवर तुपाची धार, आणि सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. सव्वा महिना उलटला तरी बाज काही उठली नाही. शेजारणी म्हणायच्या, दिवा घेऊन शोधली तरी अशी सासू सापडायची नाही. मी मुलखाची तोंडाळ, पण मायेनं भरवणाऱ्या हाताला काय बोलणार? खात राहिले. चोळी दंडात रुतायला लागली. कापलेल्या बाजूचा हात खांद्याच्या वर जाईना. वेणी पोरगी घालून द्यायची.

नागपूरला तपासणीला आत्याबाई हट्टानं सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी मला काट्यावर उभं केलं आणि विचारलं, "खाता काय तुम्ही?" आत्याबाईंनी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की बायकांच्या अंगात एक रस तयार होतो, त्याला हार्मोन म्हणतात, आणि या रोगाला कधी कधी त्याचंच खतपाणी मिळतं. म्हणून तर तो बनवणारे बीजकोश काढले. पण अंगातली चरबीही तो थोडाथोडा बनवते, असं आता दिसायला लागलंय.

"पुरतं आम्हालाही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "रोग परत येणार नाही अशी खात्री मी देत नाही. पण वजन उतरवा. भाकरी, वरण, पालेभाजी खा, तूप-गूळ सोडा. रोज चाला. आणि तो हात भिंतीवर बोटांनी चढवत न्या."

येताना मला मरणाची भीती वाटत होती आणि राग आत्याबाईंचा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाज भिंतीला उभी केलेली. "चाल वावरात," त्या म्हणाल्या. मग रोज त्या पुढे, मी मागे. ओझं उचलू द्यायच्या नाहीत, पण बसूही द्यायच्या नाहीत. घरी आलं की मला भिंतीशी उभं करून हात पोचेल तिथं कोळशाची रेघ मारायच्या.

"काल इथं होता. आज काऊन खाली?"

"दुखते."

"दुखू दे."

ताटात ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरण. तुपाचं भांडं वरच्या फळीवर गेलं. मी चिडायची, रडायची. त्या ढिम्म. हळूहळू चोळी सैल झाली, रेघ वर सरकली.

गावात मात्र बोभाटा झाला. सासू फिरली, आजारी सुनेला उन्हातान्हाचं राबवते. एक दिवस विहिरीवर त्यांची जुनी सोबतीण सगळ्यांदेखत म्हणाली, "तुही पोर गेली तवा तिच्या सासूले शिव्या देत फिरत होती ना तू? बाळंतिणीले कोरडी भाकर घातली म्हनून? आता तू काय करून राह्यली?"

हे खरं होतं. आत्याबाईंची एकुलती एक लेक सासरी बाळंतपणात गेली होती. त्या विहिणीला त्यांनी आयुष्यभर माफ केलं नाही, आणि गावालाही तिचं नाव विसरू दिलं नाही.

एका वाक्यात त्यांची सुटका झाली असती. छातीचा रोग आहे, डॉक्टरनं सांगितलंय, बस्स. मला तो टोमणा ऐकवेना. मी सांगून टाकायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. काठावर माझ्या दोन्ही पोरी कपडे पिळत होत्या.

"हाव," त्या सोबतिणीला म्हणाल्या, "मी बी तशीच सासू आहो." मग घागर कमरेवर घेतली आणि मला म्हणाल्या, "चाल, ऊन चढून राह्यलं."