रस्त्याच्या रेषेतलं झोपडं

फाइल बंद झाली की कपाटात जाते. किस्से मात्र बाहेरच राहतात, आणि आम्ही चार मुंबईकर चहाला जमलो की एकामागून एक निघतात. बासष्ट ते चौसष्ट मी इस्रायलच्या दक्षिणेकडल्या एका नव्या गावात, कौन्सिलच्या ऑफिसात ट्रेसर होतो. इंजिनिअरने पेन्सिलीने आखायचं, मी शाईने गिरवायचं. सांगतो हसायला म्हणून. हसू येईलच असं नाही.

*

आमचे इंजिनिअर रुमानियाचे. अश्दोदकडे जाणारा रस्ता त्यांनी खुर्चीतूनच आखला!

मी म्हटलं, "साहेब, या रेषेत एक झोपडं आहे."

"कुठे? दाखव!"

काय दाखवणार? नकाशाच वस्तीच्या आधीचा. झोपडं होतं शेगुलामावशीचं. अलिबागकडची आमचीच बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, विधवा. मुलगी-जावई मुंबईहून बोटीने यायचे होते म्हणून तिने शेजारी फळ्यांची एक खोली नुकतीच उभी केली होती.

मी रेषा गिरवली.

*

मग कमिटीची मीटिंग. रस्ता जरा वाकवला तर झोपडं वाचत होतं, पण सिनेमा थिएटरची जागा जात होती. थिएटर अजून बांधायचंच होतं, बरं का!

एक मेंबर कळवळून म्हणाले, "अहो, तिथे चारशे माणसं बसणार आहेत!"

मी कोपऱ्यातून म्हटलं, "इथे एक बाई आजच राहते."

मिनिट्समध्ये चारशे माणसं आली. बाई नाही आली.

*

ठराव झाला की रेषेतल्या प्रत्येक दारावर हिब्रूत नोटीस चिकटवायची. हरकत घ्यायला तीस दिवस. पलीकडचा मोरोक्कोचा न्हावी दुसऱ्याच दिवशी ऑफिसात आला आणि टेबलावर मुठी आपटून असा ओरडला की शाईची दौत सांडली. रस्ता त्याच्या दुकानापासून दोन मीटर सरकला! नवा ट्रेसिंग पेपर घेऊन मीच सरकवला.

मावशीकडून कुणीच आलं नाही.

*

तीस दिवसांतच एकदा मावशीने एलियाहू हनबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा नैवेद्य, केला आणि मला बोलावलं. मागच्या दाराने आत नेऊन तिने नवी खोली दाखवली. "इथे जावयाची खाट. इथे पाळणा बांधीन."

सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण नोकरी नवी, आणि मी भित्रा. कुणीतरी नोटीस वाचून दाखवली असेलच, अशी मनाची समजूत घातली. दोनदा मलिदा मागून घेतला आणि घरी आलो. त्याची लाज अजून वाटते.

*

एकतिसाव्या दिवशी इंजिनिअर म्हणाले, "हरकत आली नाही. म्हणजे बाईची संमती आहे. बुलडोझरबरोबर तू जा, तुला तिची भाषा येते."

गेलो. आमच्यात प्रत्येक दाराच्या चौकटीला मेझुझा असतो, पवित्र मजकुराची छोटी डबी. येताजाता तिला बोट लावून ओठांना लावायचं. मावशीच्या चौकटीवर डबीखाली कौन्सिलची नोटीस होती. काच लावून, चौकट ठोकून! काच बोटांनी धुरकटली होती.

"मावशी, हे काय आहे?"

"सरकारने लावलं ना! देवाची अक्षरं हायत. पोरीची बोट सुखरूप येऊ दे म्हणून रोज हात लावते."

मी तिला ती नोटीस मराठीत वाचून दाखवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत. ती पदर सावरून उभ्याने ऐकत होती. मग म्हणाली, "जरा थांबायला सांग त्याला." ड्रायव्हर इराकचा. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि तिची ट्रंक स्वतः कौन्सिलच्या गाडीवर चढवली.

अश्केलोनला बहिणीकडे जायचं ठरलं. सगळं सामान निघालं. शेवटी मावशीने मेझुझा काढला आणि मग नोटिशीची चौकटही काढली. दोन्हींना ओठ लावले, पदरात गुंडाळलं आणि मला विचारलं,

"रूबेन बाळा, बहिणीच्या दाराला हीच नोटीस लावू, का तिथे दुसरी देतील?"