स्टेशन सोडलं, फाटक घेतलं

धुळ्याच्या एका शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला. दरवर्षी तो धडा यायचाच. इंग्रजांनी रेल्वे आणली, कापूस बंदरापर्यंत पोचला, बाजारपेठा जोडल्या गेल्या. मुलं फायदे पाठ करायची आणि परीक्षेत ओळीने उतरवून काढायची. एखादी चुणचुणीत मुलगी मात्र विचारायची, "मॅडम, मग आपल्याला धुळ्याहून जळगावला रेल्वेने का जाता येत नाही?" जाता येतं, पण आधी खाली चाळीसगावला उतरायचं, तिथे दुसरी गाडी पकडायची आणि मग जळगाव. कोण जातं? सगळे बसने जातात. मी तिला सांगायचे, "कारण साहेबाला धुळ्याहून जळगावला जायचं नव्हतं. साहेबाच्या कापसाला सुरतेकडे आणि मुंबईकडे जायचं होतं." हे पुस्तकात नसल्यामुळे कोणी लिहून घेत नसे.

माझं सासर शिंदखेडा तालुक्यात, सुरतेकडून जळगावकडे जाणाऱ्या त्याच लाइनीवर. लाइनीवर म्हणजे अक्षरशः लाइनीवर. गाव एका अंगाला, नदी दुसऱ्या अंगाला आणि मधून रूळ. रोज एवढ्या गाड्या जातात, पण आमच्याकडे एकही थांबत नाही, कारण आमच्या गावाला स्टेशनच नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी मी सासऱ्यांना विचारलं, की शेजारच्या एवढ्याशा खेड्याला स्टेशन आहे, मग आपल्याला का नाही? त्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की आपण नाकारलं.

ही गोष्ट गावात लहानथोर सगळ्यांना येते. लाइन टाकायला गोरा साहेब आला. त्याने पारावर गावकरी जमवले आणि विचारलं, स्टेशन पाहिजे का? जाणत्या मंडळींनी विचार केला. इंजिनाच्या धुराने कपाशी काळी पडेल, कुठली कुठली माणसं गावात उतरतील, पोरांना बाहेरचं वारं लागेल. त्यांनी सांगितलं, स्टेशन नको. पण श्रावणात आमची कानबाई देवी नदीवर जाते, तिच्या वाटेत रूळ आले, तर तिथे फाटक द्या. साहेबाने फाटक दिलं. एवढंच नाही, पहिल्या वर्षी कानबाई निघाली तेव्हा त्याने म्हणे इंजिन थांबवून डोक्यावरची टोपी काढली.

मला ही गोष्ट कधीच आवडली नाही. साहेब गावकऱ्यांना विचारून रूळ टाकत नव्हता. जिथे गाडीवाट आडवी आली तिथे त्याने फाटक ठेवलं, इतकंच. आणि टोपी काढली असेल, तर ती घाम पुसायला. पण आमच्या गावाला स्टेशन घालवल्याचं दुःख नाही, टोपीचंच कौतुक. "स्टेशन सोडलं, फाटक घेतलं," असं लोक छाती फुगवून सांगतात. लाखाचं सोडून कवडी घेतल्याची अशी बढाई मी दुसऱ्या कुठल्याच गावात ऐकली नाही.

आणि मागच्या वर्षी, कानबाई होऊन गेल्यावर, ते फाटकही गेलं.

आधी दोन्ही बाजूंना भिंत उभी राहिली. मग रुळांखालून सिमेंटचा बोगदा काढला. गाड्या वाढल्या, वेग वाढला, वर विजेच्या तारा आल्या, माणसं मरू नयेत म्हणून फाटकं बंद करताहेत. हे मला समजतं, मी काही अडाणी नाही. पण बोगदा केला नदीच्या काठाला आणि तोही आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल. पावसाचं पाणी जाणार कुठे? पहिल्याच पावसात तो भरला. पलीकडे शेतं असलेली माणसं पुढच्या पुलावरून कोसभर वळसा घालून जाऊ लागली आणि महिनाभरात त्यांना त्याची सवयही झाली. आमच्या लोकांना कशाचीही सवय होते, याचा मला जेवढा राग येतो तेवढा भिंतीचाही येत नाही.

प्रश्न होता माझ्या सासूबाईंचा. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणते. ऐंशी कधीच ओलांडली, पाठीला बाक आला, पण घरची कानबाई अजून त्यांच्याच डोक्यावरून नदीवर जाते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ, बांगड्या, डोळे लावून कानबाई बसवायची, भाऊबंदांनी मिळून प्रसादाचे रोट खायचे आणि सोमवारी सकाळी पाटावरून तिला नदीवर न्यायचं. आमच्या घराण्यात दोन गोष्टी कडक. जिने पाट उचलला तिनेच तो पाण्यापर्यंत न्यायचा, वाटेत खांदेपालट नाही. आणि वाटेत पाट टेकवायचा नाही. नदीत कानबाई सोडली, की त्याच पाटावर नदीची वाळू घरी आणायची, तिची आरती करायची आणि ती घराच्या चारी कोपऱ्यांत नि गोठ्यात टाकायची.

या वर्षी आषाढातच अक्कांनी मला बोलावून सांगितलं, "औंदा मी लई जास. पुढे तू. मना पाय आते सांगी ऱ्हायनात." यंदा पाट त्या नेणार, पुढच्या वर्षीपासून मी. मग म्हणाल्या, "एक डाव नदी देखनी शे माले. तेवढी वाट करी दे."

म्हणजे काम माझ्याकडे आलं. मी शिकलेली, मला अर्ज लिहिता येतो, मला हापिसात बोलता येतं.

मी बसने जळगावला गेले. रेल्वेच्या कामासाठी बसने जाताना माणसाला काय वाटतं ते वेगळं सांगायला नको. ज्या कार्यालयात गेले तिथून मला दुसऱ्यात पाठवलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिसऱ्या ठिकाणचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला. उद्धट असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मी म्हटलं, "एक सकाळ, फक्त एक सकाळ भिंतीतून वाट द्या. तुमचा माणूस उभा करा, तो सांगेल तेव्हाच आम्ही ओलांडू."

"मॅडम, बंद झालेलं फाटक कागदावर नसतंच. जे नाही ते मी उघडणार कसं?"

"मग बोगद्यातलं पाणी तरी काढा."

"पंप पाठवतो. सोमवारी सकाळी ना? नक्की पाठवतो." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग आवाज जरा मऊ करून म्हणाले, "एक सांगू? पहिलं वर्ष सगळीकडे असंच असतं. दुसऱ्या वर्षी फाटकाची कोणाला आठवणही राहत नाही."

मला तोंडावर बोलायला हवं होतं, की साहेब, आमच्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीची न काढलेली टोपीसुद्धा आठवते. पण सुचलं ते परतीच्या बसमध्ये, धरणगाव गेल्यावर. चांगलं उत्तर मला नेहमी बसमध्येच सुचतं.

धाकटे दीर गावातच शेती करतात. मनाने चांगले, पण भांडण म्हटलं की ते शेताची वाट धरतात. त्यांनी तोडगा काढला. "वहिनी, ट्रॅक्टर काढतो. गादी टाकू. अक्का आणि कानबाई दोघींना पुलावरून फिरवून आणतो."

आतून अक्का कडाडल्या, "कानबाई काय कांदा शे का, टॅक्टरमा टाकाले?"

तो विषय तिथेच मिटला. पुलापर्यंत कोसभर चालणं अक्कांना झेपणारं नव्हतं. भिंत चढून जायची तर सोयच नव्हती. तरणी पोरं चढतात आणि शिव्या खातात, पण अक्कांना तर घराचा उंबरा ओलांडतानाही चौकट धरावी लागते. राहिला बोगदा आणि राहिला पंप.

रविवारी रोट झाले. पाऊस सकाळपासून रिपरिपत होता. मी दर तासाला दिरांना विचारत होते, पंप आला का? ते म्हणत, येईल ना, साहेबांनी शब्द दिलाय. त्यांच्या तोंडी 'साहेब' हा शब्द आला की माझं डोकं फिरतं.

सोमवारी उजाडलं आणि आम्ही निघालो. अक्कांनी पाट डोक्यावर घेतला, मी मागून त्यांच्या कमरेला हात लावून होते. बायका गाणी म्हणत होत्या. जुन्या फाटकाच्या जागी पोचलो तर भिंतीवर ताजा पांढरा रंग आणि शेजारी बोगद्याचा उतार. उतार थेट पाण्यात गेलेला. गढूळ, वर तेलाचा तवंग, मधोमध माणसाच्या छातीला लागेल इतकं पाणी. पंप नव्हता.

दीर फोन लावत राहिले. पहिला उचलला नाही, दुसऱ्याने तिसऱ्याचा नंबर दिला, तिसरा म्हणाला, गाडी निघाली आहे. गाणी हळूहळू थांबली. वरून मालगाडी आली. ती इतकी लांब होती की संपेचना. तिच्या आवाजात कोणाला काही बोलता येईना. आम्ही सगळे भिंतीकडे तोंड करून उभे, आणि भिंतीच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर, आमची नदी.

अक्कांच्या डोक्यावरचा पाट एका बाजूला कलायला लागला. मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे द्या. तेवढ्याने काही होत नाही."

"नई."

"मग घटकाभर टेकवा. मी खाली पदर अंथरते."

"नई म्हनं ना."

मला त्यांचाही राग आला, हे सांगितलं पाहिजे. त्या साहेबाचा, पंपाचा, भिंतीचा, आणि या हट्टी म्हातारीचाही. देव काय इतका कोता असतो? पण त्यांच्या मानेवरच्या शिरा दिसत होत्या आणि मी पुन्हा त्यांच्या कमरेला हात लावला.

मग त्यांनी बोगद्याकडे बघून विचारलं, "आठे पानी शे ना?"

 आणि अक्का उताराने खाली निघाल्या. दोन्ही बाजूंनी आम्ही धरलं. गुडघ्यापर्यंत पाणी आल्यावर त्या थांबल्या, पाट उतरवला आणि कानबाई त्या गढूळ पाण्यात सोडली. नारळ बुडाला नाही. तवंगावर फिरत फिरत सिमेंटच्या भिंतीला लागला आणि तिथेच राहिला. बायकांनी पुन्हा गाणं धरलं, जरा जास्तच मोठ्याने.

आता वाळू. बोगद्यात कुठली वाळू? खाली सिमेंट आणि चिखल. अक्का रिकामा पाट घेऊन उभ्या. तेवढ्यात दिरांना ठेकेदाराचा उरलेला ढीग दिसला, बोगद्याच्या कामासाठी आणलेला, भिंतीला लागून. ते हरखून म्हणाले, "अक्का, हाई नदीनीच रेती शे! ट्रकच्या ट्रक आठूनच उपसी लयनात!" खरं होतं ते. आमच्याच नदीची वाळू काढून आमचाच रस्ता बुजवला होता. अक्कांनी त्या ढिगाकडे पाहिलं आणि पाट पुढे केला.

परतताना मागे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. बरं झालं, जवळ झालं. नदीवर चिखल किती असतो, इथे तरी उतार चांगला आहे. पुढच्या वर्षीपासून इथेच करू. एक जण तर म्हणाली, "रेल्वेने कानबाईसाठी तळंच बांधून दिलं." आणखी काही वर्षांनी ही गोष्टही छाती फुगवून सांगतील. फाटक सोडलं, तळं घेतलं. कोणीतरी टोपीही काढलेली असेल.

तो जळगावचा माणूस चुकला होता. त्याने एक वर्ष दिलं होतं. आमच्या लोकांना एक सकाळ पुरली.

दुपारी जेवणं झाल्यावर पंप आला. वरातीमागून घोडं. पंपवाल्याने सही मागितली, दिरांनी केली, वर त्याला रोट आणि खीर वाढली. मी ओसरीवरून उठून आत गेले.

आत अक्कांनी वाळूची आरती केली आणि कोपऱ्याकोपऱ्यात चिमूट चिमूट टाकत निघाल्या. मी मागे पाट धरून. गोठ्यात शेवटची मूठ टाकून झाल्यावर त्यांनी हात झटकले, माझ्या हातातला पाट घेतला, पदराने स्वच्छ पुसला आणि परत माझ्याच हातात दिला. मला वाटलं, आता समजूत घालतील, की मनात श्रद्धा असली की झालं, पाणी ते पाणीच. सगळं गाव दिवसभर तेच म्हणत होतं.

"मी थकनू म्हनीसन बोगदामा उतारी," त्या म्हणाल्या. "तू थकू नको. नदीवर लई जाजो."