साहेबांचा कॅच

कपाटातून सॉफ्टबॉलचा जुना ग्लोव्ह निघाला आणि चामड्याच्या वासासरशी रायपूरचं ते मैदान समोर आलं. राज्य नवं होतं, आमचं ऑफिसही नवं. रविवारी आम्ही सगळे खेळायचो, पण साहेबांचा कॅच सोडायचा, हे न बोलताच ठरलेलं होतं.

त्या दिवशी त्यांचा बॉल उंच, थेट उन्हात गेला. खाली टायपिस्ट शोभादीदी होत्या, नोकरी अजून कच्ची.

"दीदी, सोडून द्या," मी पुटपुटलो.

"काहून सोडू?" म्हणत त्यांनी तो अलगद झेलला. "सर, आउट झाले तुम्ही."

साहेब बॅट ठेवून बाहेर गेले. मी दीदींच्या हातांकडे बघतच राहिलो.

आता मी साहेब आहे. माझे सगळे कॅच सुटतात.