कॉमर्स कॉलेजचा कौल

मॅट्रिकचा निकाल लागला आणि भोरच्या हायस्कुलातल्या हेडमास्तरांनी मला घरी बोलावून घेतलं. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. पुण्याच्या कॉमर्स कॉलेजात जायचं माझ्या डोक्यात भरलं होतं. कुणी भरवलं? मीच. बी.कॉम. झालेला माणूस बँकेत खुर्चीवर बसतो आणि भलेभले त्याच्यासमोर टोप्या हातात घेऊन उभे राहतात, एवढंच मला त्या विद्येबद्दल ठाऊक होतं.

"तुझी आशा किती ते सांगू?" हेडमास्तर म्हणाले. "तोंड पाडणार नाहीस ना?"

"नाही, सर."

"रुपयात चार आणे."

तोंड पडलंच. मग त्यांनी मला बाजारातल्या बैलासारखं चहूबाजूंनी तपासलं. गणित चांगलं. इंग्रजी कामापुरतं. मुलाखतीला तोंड उघडशील की नाही ते देव जाणे. जागा मोजक्या आणि त्यांच्यावर डोळा ठेवून बसलेली पुण्या-मुंबईची पोरं ढीगभर. "तू वाईट नाहीस रे," ते म्हणाले, "पण तुझ्याहून बरे पुष्कळ आहेत. कॉमर्सचा अर्ज भर, आणि त्याच्याबरोबर आर्ट्सचाही भर. आर्ट्सला तुला डोळे झाकून घेतील. एक दार बंद झालं तर दुसरं उघडं पाहिजे."

इतका सरळ सल्ला! आज माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी हाच देतो. तेव्हा मात्र वाटेतल्या आंबवडे गावापर्यंत मी रागानं बडबडत चाललो होतो. चार आणे म्हणे!

आमची वाडी गुंजवण्याच्या अंगाला, राजगडाच्या पायाशी. वाडीत मॅट्रिक झालेला मी पहिलाच. घरी पोचल्यावर मी वडिलांना दोन्ही अर्जांचं नीट सांगितलं, चार आण्यांचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पान जुळवलं आणि म्हणाले, "मास्तर झाला तरी माणूसच की. आपुन भैरोबाला इचारू."

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नसे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि सगळे श्वास रोखून बघत बसायचे. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सोयरीक, विहीर, हरवलेली म्हैस, सगळ्याला हाच कौल. कॉमर्स कॉलेज भैरोबासमोर पहिल्यांदाच आलं असणार.

आईनं खिरीचा नैवेद्य केला. झाडून सगळी वाडी देवळात. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "देवा, पोराला पुण्याच्या शाळंत घेत्यात का न्हाई, सांग बाबा." आणि उजवं फूल टपकन पडलं. काय तो गलका! पोरांनी ढोल काढला, वडिलांनी डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मलाही ते खरं वाटलं. मास्तरांचे चार आणे भैरोबानं एका फुलात सोळा करून टाकले होते.

दुसऱ्या दिवशी मी आर्ट्सचा अर्ज भरायला घेतला तर वडिलांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"ह्यो कशाला?"

"असू दे हो, आबा. समजा तिकडं नाहीच झालं तर..."

"न्हाई झालं तर? देवानं उजवी दिल्यावर?" त्यांचा आवाज चढला. "उद्या देव म्हनंल, माझ्यावर इस्वास न्हाई तर इचारायला कशाला आलता?"

मी भांडलो. अगदी तणतणलो. वडिलांनी गुरवाला बोलावलं. गुरव शांतपणे म्हणाला की दुसरा अर्ज म्हणजे कौल मोडल्यासारखं होईल आणि कौल मोडला की तो फिरतो. आर्ट्सच्या अर्जाची मुदत संपली आणि तो कागद आमच्या फळीवर पडून राहिला.

मुलाखतीला निघालो तेव्हा माझ्या गळ्यात कण्हेरीचा हार होता आणि पोचवायला ढोलासकट निम्मी वाडी. मी नको नको म्हणत होतो. माझी नुसती मुलाखत होती हो, पण वाडीच्या हिशेबी मी कॉलेजात जाऊन बसलोच होतो. वाटेत विंझरच्या दुकानात लोकांनी विचारलं, "कुठं निगाली वरात?" तर आमचा ढोलवाला ठणकावून म्हणाला, "बँकेत!" नसरापूरला एस.टी.त चढलो आणि आधी हार काढून पिशवीत कोंबला.

कॉलेजात तीन साहेब टेबलामागं बसले होते. मास्तरांनी पाठ करून घेतलेली इंग्रजी वाक्यं बाहेर बाकावर बसेपर्यंत माझ्याजवळ होती. आत गेलो आणि सगळी पसार झाली. साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले, मी येस सर, नो सर करत राहिलो. शेवटी मधले साहेब दया येऊन मराठीत म्हणाले, "बरं, इतके हुशार विद्यार्थी बाहेर बसलेत. त्यांच्यातून आम्ही तुलाच का घ्यावं? तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं! माझ्या तोंडून निघून गेलं, "देवानं कौल दिलाय, सर."

कडेचे दोघं फसकन हसले. मधले हसले नाहीत, त्यांनी खाली बघून कागदावर काहीतरी लिहिलं. ते हसले असते तर बरं झालं असतं असं मला अजून वाटतं. कानाच्या पाळ्या भाजल्यासारख्या झाल्या होत्या. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही होतात.

यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं.

परत आलो तेव्हा वाडीत आवणी चालू होती. वाटेच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरं, आणि खाचरांत गुडघाभर चिखलात सगळी वाडी वाकलेली. चोरून घरात शिरावं म्हटलं तर दुसरी वाटच नाही. आधी एकजण उभा राहिला, मग दुसरा, मग सगळेच कंबर सरळ करून माझ्याकडं बघायला लागले. ढोलवाला लांबूनच ओरडला, "काय रं सायेब, झालं न्हवं?"

"नाही झालं," मी म्हणालो.

हसले असते, टोमणा मारला असता, तर मीही चार शब्द सुनावले असते. ते सगळे पुन्हा वाकले आणि रोपं लावायला लागले, जसं काही मी अजून आलोच नव्हतो. लाज काय असते ते मला त्या बांधावर कळलं. कॉलेजातली लाज तिच्यापुढं काहीच नव्हती.

दोन दिवसांनी माणसं देवळात जमली. माझ्यासाठी नव्हे, कौलासाठी. गुरवाचा चेहरा उतरला होता. त्या बिचाऱ्याचं सगळं आयुष्य त्या फुलांवर उभं होतं. कौल खोटा पडला म्हटलं तर ठरलेल्या सोयरिकी, खणलेल्या विहिरी, सगळंच खोटं. आणि कौल खरा म्हटलं, तर मग पोरगंच कुचकामी. लोकांच्या नजरा हळूहळू माझ्याकडं वळायला लागल्या. वडील जमिनीकडं बघत बसले होते.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आई पुढं आली. पदर डोक्यावरून सारखा करत म्हणाली, "गुरवबाबा, देवाचं काय चुकलं न्हाई, पोराचंबी न्हाई. चूक माझी हाय. निवदाची खीर म्या चाखली व्हती. गूळ बराबर पडलाय का न्हाई म्हनून."

उष्टा नैवेद्य! बायकांनी तोंडाला पदर लावले. गुरवाच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी कधी विसरणार नाही. माझं डोकं सणकलं. आईनं उभ्या जन्मात नैवेद्याला बोट लावलं नव्हतं. मी ओरडलो, "खोटं आहे हे! आई खोटं बोलतेय!"

"गप रं!" आई माझ्यावर कडाडली. "चुलीपाशी तू व्हतास का म्या?"

झालं. सगळ्यांना पटलं. दसऱ्यापर्यंत दर रविवारी आईनं निर्जळी उपास धरायचा असं ठरलं. वडिलांनीही मान डोलावली.

पहिला रविवार आवणीतच आला. आई पोटात पाण्याचा थेंब नसताना दिवसभर चिखलात वाकलेली. मी तिच्या शेजारी रोपं लावत होतो. दुपारी मला राहवलं नाही.

"कशाला खोटं बोललीस?"

"मग काय सांगू?" ती न थांबता म्हणाली. "माझं पोरगं कमी पडलं म्हनून सांगू?"

माझ्या हातातली रोपांची जुडी सुटून पाण्यात पडली. म्हणजे तिलाही तसंच वाटत होतं. सगळ्या वाडीत एक आई तरी म्हणेल की कॉलेजवाले मेले आंधळे, अशी मला आशा होती. आणि तिचं म्हणणं खरं होतं, हे मला कळत होतं, म्हणून जास्त लागलं. मी चिखलात हात घालून जुडी शोधत राहिलो, वर बघायची हिंमत होईना.

ओळ थोडी पुढं गेल्यावर तिनंच विचारलं, "मला येवडंच सांग. लई कमी पडलास, का थोडा?"

थोडा म्हणावंसं वाटलं. शब्द ओठांवर आला होता.

"लई," मी म्हणालो.

आईनं एकदा कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. "मग बरं," ती म्हणाली. "थोड्यासाठी गेलं असतं तर जीव जळत ऱ्हायला असता."